मुलाला मंचावर उभं करायचं का?

ताई,
माझे मिस्टर मराठा लाइट इन्फंट्रीचे. राष्ट्रीय रायफल्समध्ये (लष्कराच्या अतिरेकीविरोधी दलात) असताना काश्मीरमधल्या कुपवाड्यात अतिरेक्यांशी झालेल्या चकमकीत चार वर्षांपूर्वी त्यांना वीरमरण आलं. दरवर्षी त्या तारखेला गावात कार्यक्रम होतो. वेशीवर कमान झाली, आता पुतळ्याची वर्गणी चालू आहे. मला शाल-श्रीफळ देतात. नऊ वर्षांच्या मुलाला लष्करी गणवेश घालून सलामी द्यायला लावतात, ‘मी बाबांचा बदला घेणार’ असं माईकवर म्हणायला शिकवतात. यंदा तारीख जवळ आल्यापासून त्याच्या पोटात दुखतंय, रात्री अंथरूण ओलं होतंय. सासूबाई म्हणतात, गाव माझ्या लेकाचा मान करतंय, तू आडवी येऊ नकोस. मी नको म्हटलं तर त्यांच्या बलिदानाचा अपमान होईल का?
– एक वीरपत्नी, सातारा जिल्हा

ताई,
नाही, मुळीच होणार नाही. मान तुमच्या मिस्टरांचा आहे आणि तो त्यांनी स्वतः मिळवलाय. तो टिकवायची जबाबदारी नऊ वर्षांच्या पोरावर नाही.

ते गेले तेव्हा तो पाच वर्षांचा होता. बाबांची त्याला किती आठवण असेल? सुट्टीवर आले की खांद्यावर बसवायचे, एवढीच कदाचित. त्यावर दरवर्षी हार, भाषणं आणि लाऊडस्पीकर यांचा थर चढतोय. बाबा म्हणजे आपण चुकलो तर ज्यांची मान खाली जाईल असं कुणीतरी, असं त्याला वाटायला लागलं असेल तर नवल नाही. जे तो तोंडाने बोलू शकत नाही, ते त्याचं पोट बोलतंय.

आणि तो ‘बदला’ तर मला अजिबात पटत नाही. तुम्ही फौजीच्या घरातल्या, तुम्हाला माहीतच असेल: अतिरेकी लपलेल्या गावात घेराव घातला की आधी आजूबाजूच्या घरांतली बायकापोरं सुरक्षित बाहेर काढायची असतात. त्या पायी जवानांचा स्वतःचा धोका वाढतो, तरी ते करतात. तुमचे मिस्टर अशा शिस्तीत वाढलेले सैनिक होते, सूडासाठी गेलेले नव्हते. त्यांच्या लेकाच्या तोंडी सूडाचं वाक्य घालणं, हाच खरं तर त्यांच्या नोकरीचा अपमान आहे. हे सरपंचांना समजावून सांगायला गावातले एखादे निवृत्त सुभेदार गाठा. तुम्ही बोललात तर ‘भावनेच्या भरात बोलतेय’ म्हणतील, सुभेदारांचं ऐकतील.

सासूबाईंवर मात्र रागावू नका. तुमचा जिल्हा कसा आहे! अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्यांचं स्मारक गावकरी आजही जपतात. अशा मातीत वाढलेल्या बाईचा लेक गेला, तिला त्या कमानीचाच आधार आहे. तो काढून घेऊ नका. उलट म्हणा, ‘आई, यंदा मंचावर तुम्ही बसा, पहिला हार तुमच्या हातचा.’ त्या वीरमाता आहेत आणि बहुतेक कार्यक्रमांत त्यांना मागच्या खुर्चीवर बसवतात. मुलगा इतर पोरांबरोबर खालून फूल वाहील, तेही त्याला वाटलं तर. तुम्हाला जायचं नसेल तर तुम्हीही घरी राहू शकता.

पुतळा होऊ द्या. पण चबुतऱ्यावरचा मजकूर छापायला जाण्याआधी स्वतः वाचा: हुद्दा, मूळ पलटण, राष्ट्रीय रायफल्सची तुकडी, तारीख. यातलं काही अडलं तर बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला विचारा. वर्गणी उरली तर सकाळी भरतीसाठी रस्त्यावर पळणाऱ्या पोरांकरता त्यांच्या नावाने अभ्यासिका काढता येईल का, हेही सुचवून बघा.

कुणीतरी तुम्हाला स्वाती महाडिकांचं उदाहरण देईलच. तुमच्याच जिल्ह्यातल्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक 41 राष्ट्रीय रायफल्सचं नेतृत्व करताना नोव्हेंबर 2015 मध्ये कुपवाड्यातच धारातीर्थी पडले आणि सप्टेंबर 2017 मध्ये त्यांच्या पत्नी स्वातीताई स्वतः लष्करात अधिकारी झाल्या. मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. पण ती त्यांची वाट. तुमच्यावर किंवा मुलावर ती कुणी लादू नये. पुढे त्याला फौजेत जावंसं वाटलं तर जाईल, शेती करावीशी वाटली तर शेती करेल.

त्याला बाबा ओळखीचे होतील असं काही करा. सेक्शनमधले जवान अजून तुम्हाला ‘वहिनी’ म्हणून फोन करत असतील. त्यांना सांगा, शौर्याचं नको, रोजचं सांगा: जेवणात काय आवडायचं, कशावरून चिडायचे, घरचा फोन लागला नाही की काय करायचे. मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. तो स्वतः विचारील तेव्हा ऐकवा. आणि कधीतरी त्याला दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकात न्या. 2019 मध्ये ते खुलं झालं. तिथल्या त्यागचक्राच्या भिंतींवर ग्रॅनाइटवर एकेका जवानाचं नाव कोरलंय, आणि अशा मोहिमांत गेलेल्यांचीही नावं तिथे आहेत. बाबांचं नाव त्याला स्वतः शोधू द्या. तिथे त्याला भाषण करावं लागणार नाही.

याच आठवड्यात त्याला बालरोगतज्ज्ञांना दाखवा. पोटदुखीबरोबर अंथरुणाचंही सांगा, लपवू नका. गरज वाटली तर ते समुपदेशकाकडे पाठवतील. अंथरुणावरून घरात कुणी त्याला रागावू नये, चिडवू नये, हेही बघा. सरपंचांशी बोलणं होईल तेव्हा होईल. त्याला मात्र आज रात्रीच सांगून टाका की यंदा गणवेश घालायचा नाहीये.