जत्रेतून थेट रेडिओवर

प्रश्न : आमच्या गावच्या जत्रेत कवितावाचन आणि दशावतारी संगीत यांचा रेडिओवरून थेट प्रसारित होणारा कार्यक्रम करण्याचा विचार आहे. गोंगाटात तो श्रोत्यांना नीट ऐकू येईल का?
– एक वाचक, मालवण तालुका

उत्तर : अवश्य येईल, मात्र मंडपातील कर्ण्यांसाठी आणि प्रसारणासाठी आवाजाची जुळणी वेगवेगळी ठेवावी. दशावतारात पखवाज, पेटी आणि झांज एकाच वेळी वाजत असल्याने झांजेचा आवाज माइकमध्ये इतका चढतो की गाणाऱ्याचे शब्दच हरवतात. म्हणून झांजवाल्याला दूर बसवून गायकाला स्वतंत्र माइक द्यावा. कवीने माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित तिरका ठेवावा, म्हणजे ‘फ’ आणि ‘भ’ उच्चारताना फुंकर आदळत नाही. जत्रेचा गजबजाट पूर्णपणे पुसू नये, असे मला मनापासून वाटते, कारण घरी बसलेल्या श्रोत्याला तोच तर जत्रेत नेतो. दशावतारातील संवाद बहुधा लिहिलेले नसतात, नट ते रंगमंचावरच रचतात. तेव्हा वेळेची मर्यादा त्यांना आधीच सांगावी. प्रसारणासाठी आकाशवाणीच्या रत्नागिरी केंद्राकडे विचारणा करावी, किंवा परिसरात सामुदायिक रेडिओ केंद्र (स्थानिक लोकांसाठी चालवलेले छोटे केंद्र) असल्यास तेथे. २००६च्या धोरणापासून असे केंद्र चालवण्याचा परवाना स्वयंसेवी संस्थांनाही मिळू शकतो.