वाचकांचे प्रश्न : पत्र्याचं विमान घरी जोडता येतं का?

प्रश्न : माझं कूलर आन् धान्याच्या कोठ्या बनवायचं दुकान आहे, वीस वर्षं झाली पत्रा वाकवतोय. पोराने मोबाईलवर दाखवलं की अमेरिकेत लोक किट मागवतात आन् घरच्या गॅरेजमधे पूर्ण पत्र्याचं दोन सीटचं विमान जोडून त्यात फिरायला जातात. खरं आहे का हे? आन् वेल्डिंग नाही, नुसत्या रिवेटवर टिकतं कसं? — एक वाचक, फैजपूर

उत्तर : भाऊ, एकदम खरं आहे, आणि हे तुमच्यासारख्या पत्राकाम करणाऱ्या माणसाने विचारलं याचा जास्त आनंद झाला. ओरेगॉनमधली व्हॅन्स एअरक्राफ्ट ही कंपनी 1973 पासून हेच करतेय, त्यांची आरव्ही नावाची विमानं हजारो लोकांनी स्वतः जोडून उडवलीत. त्यातलं आरव्ही-9 खास लांब फिरायला केलेलं, दोघं शेजारी शेजारी बसतात, 160 हॉर्सपॉवरच्या इंजिनवर ताशी साधारण 300 किलोमीटर जातं. किट टप्प्याटप्प्याने घेता येतं, आधी शेपटी, मग पंख, मग बॉडी, शेवटी काच-चाकं वगैरे. इंजिन आणि पंखा वेगळा घ्यायचा आणि खरा खर्च तिथेच.

आता वेल्डिंगचं. हा पत्रा 2024 नावाच्या ॲल्युमिनियमचा, त्यात चार टक्क्यांच्या वर तांबं असतं आणि वरून हीट ट्रीटमेंट, ताकद त्यातूनच येते. त्याला वेल्डिंगची आच लागली की तेवढी जागा कमजोर पडते नाहीतर चिरते, म्हणून रिवेट. जाडी बघाल तर 0.6 ते 0.8 मिलिमीटर, म्हणजे तुमच्या कूलरच्या पत्र्याच्या जवळपासच!

एक रिवेट सांगतो म्हणजे काम कसलं आहे ते कळेल. 3.2 मिलिमीटरचा रिवेट भोकातून मागे दीडपट म्हणजे 4.8 मिलिमीटर बाहेर निघाला पाहिजे. एकजण पुढून हवेच्या गनने ठोकतो, दुसरा मागून पोलादी ठोकळा दाबून धरतो, आणि मागे जे डोकं बनतं ते 4.8 रुंद आणि 1.6 उंच भरलं पाहिजे. तिरपं बसलं तर ड्रिलने काढायचं आणि परत मारायचं, आणि असे हजारो. भोकाच्या कडेचा बारीक काटा सुद्धा घासून काढायचा कारण चीर पडायला सुरुवात त्याच ओरखड्यातून होते. कोठीला गहू सांडला नाही म्हणजे झालं, इथे तसं नाही भाऊ. हात तुमचा तयार आहेच, सवय फक्त मापाची लावायची. मोठ्या किटच्या आधी सरावाचं छोटं किट घ्या आणि मागून ठोकळा धरायला पोराला उभं करा, हे दोन माणसांचंच काम आहे.

प्रश्न : आपल्या खान्देशातून असं घरी बनवलेलं विमान उडालंय का? आणि मे महिन्यात ते उडेल का? — एक विद्यार्थिनी, धुळे

उत्तर : ताई, तुमच्या धुळ्यातूनच उडालंय! कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत बिल्डिंगच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बनवलं. ते किटचं नाही बरं का, डिझाईन पण त्यांचंच. 2016 ला मुंबईत मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात लोकांनी ते पाहिलं, उडवायची परवानगी मिळाली 2019 ला आणि 2020 मधे धुळ्याच्या धावपट्टीवरून ते उडालं. विमान डोळ्यासमोर तयार असताना माणूस परवानगीसाठी एवढी वर्षं थांबतो, मला त्याचंच जास्त कौतुक वाटतं. म्हणून ज्यांना करायचंय त्यांनी डीजीसीएशी, म्हणजे विमानांना परवानगी देणाऱ्या सरकारी खात्याशी, पत्रव्यवहार पहिला रिवेट मारायच्या आधी सुरू करावा, नंतर नाही.

मे महिन्यात उडेल, पण सकाळी. जळगावचा विमानतळ समुद्रसपाटीपासून जेमतेम अडीचशे मीटरवर आहे, पण पारा 44 वर गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाला वाटतं आपण महाबळेश्वरच्या उंचीवर उभे आहोत. इंजिनची ताकद कमी, पंखाची उचल कमी, धावपट्टी जास्त लागते. दोन माणसं आणि फुल टाकी घेऊन दुपारी दोनला निघायचा विचारच करू नये, सहा-साडेसहाला उठून जावं, केळीच्या बागांवरून त्या वेळी दिसतं पण छान.