वाफ्यात उगवणाऱ्या छत्र्यांवर कोणतं औषध मारू? आणि त्या खाता येतात का?

मीही सोलापूरचाच, त्यामुळे तुमच्या वांगी-टोमॅटोच्या वाफ्यात पावसानंतर काय होतं ते ओळखीचं आहे. औषध मारू नका, पैसे वाया जातील. वर दिसते ती छत्री म्हणजे बुरशीचं फळ. खरी बुरशी मातीत पांढऱ्या तंतूंनी पसरलेली असते आणि ती सहसा तुमच्या वांग्याला हात लावत नाही. अर्धवट कुजलेलं शेणखत, लाकडाचा भुसा, जुनी मुळं यांवर जगते. खाद्य संपलं की छत्र्याही थांबतात.

भुसा मातीत मिसळला असेल तर मात्र पानांवर नजर ठेवा. तो कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतो आणि झाडाची खालची पानं पिवळी पडतात. थोडी भुईमुगाची पेंड दिली की भागतं.

दुसरं कारण पाणी. आपल्याकडे सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात, त्यात काळी माती पाणी धरून बसते, आणि तरी आपण सवयीनं संध्याकाळी पाइप सोडतोच! वरची माती सुकल्याशिवाय पाणी देऊ नका, द्याल तेव्हा सकाळी द्या, खुरप्यानं माती हलवा. दोन दिवस कडक ऊन पडलं तर छत्र्या आपोआप माना टाकतात. घरात लहान मूल किंवा कुत्रं असेल तर वाट न बघता उपटून टाका. नुसत्या हात लावण्यानं विष चढत नाही, हात धुतले की झालं.

छत्री झाडाच्या बुंध्यावर, फळीसारखी कडक आली असेल तर गोष्ट वेगळी. आतलं लाकूड कुजत असण्याची शक्यता असते. झाड घराकडे झुकलेलं असेल तर जाणकाराला दाखवा.

आता खाण्याचं. अजिबात नको. गावाकडे वारुळावरची अळंबी खातात, पण ती पिढ्यान्‌पिढ्या ओळखणारी माणसं. चांदीचं नाणं काळं पडतं का, किड्यांनी खाल्लीय का, या परीक्षा निव्वळ थापा आहेत. सगळ्यांत घातक जातींचं विष शिजवूनही जात नाही. उलट्या-जुलाब सहा ते बारा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा सुरू होतात, मध्ये बरं वाटतं आणि मग यकृत निकामी होतं. म्हणून कुणी चुकून खाल्लीच तर लक्षणांची वाट न बघता थेट दवाखाना गाठा, उरलेली छत्री कागदात गुंडाळून सोबत न्या.

हौसच असेल तर धिंगरीचं (खायच्या ऑयस्टर मशरूमचं) बियाणं आणून गव्हाच्या काडावर पिशवीत लावा.