मुलीला पुन्हा भिंतीकडेच जायचं आहे

"मॅडम, तीस वर्षं रंगकाम करतोय. खांदे गेले, धुळीनं खोकला कायमचा लागला. मुलीवर ही वेळ येऊ नये म्हणून तिला शिकवलं. ती कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मार्क चांगले पडतात. आता म्हणते, कॉलेज सोडून भिंतींवर म्युरल काढायची, खांब संगमरवरासारखे रंगवायचे, घरांची-हॉटेलांची कामं घ्यायची. चित्रं बरी काढते. पण मी जन्मभर शिडीवर होतो, तिनंही तिथंच चढायचं का? यात पोट भरतं का? आणि हे शिकवतात तरी कुठे?"
— एक वडील

सप्रेम नमस्कार.

या कामात शिरू पाहणारी जी मुलं माझ्याकडे येतात, त्यांतल्या बहुतेकांना चित्र येतं आणि भिंत कळत नाही. तुमच्या मुलीच्या घरात भिंत कळणारा माणूस बसलाय. तिनं हे मनावर घेतलेलं दिसत नाही आणि तुमच्या पत्रावरून तुम्हीही घेतलेलं दिसत नाही.

एक प्रसंग सांगते. माझ्या सल्ल्यानं या धंद्यात उतरलेल्या एका मुलानं एका दवाखान्याच्या भिंतीवर समुद्र रंगवला होता. काम इतकं सुरेख की लोक थांबून बघायचे. चार महिन्यांत त्या समुद्राला पोपडे धरले. भिंतीत ओल होती, त्यानं ती तपासलीच नव्हती. त्याला रंगसंगती बघ, परिप्रेक्ष्य (चित्रात जवळ-दूर दाखवणं) शीक, असं सगळं मी सांगितलं होतं. भिंतीला हात लावून बघ, एवढं सांगायचं राहिलं. तुम्ही असता तर दारातूनच म्हणाला असता, "आधी गळती काढा."

म्हणून तिची खरी परीक्षा कुंचल्याच्या आधी सुरू होते. सिमेंटचा नवा गिलावा साधारण 28 दिवस वाळू द्यायचा, हे तुम्हाला सवयीनं माहीत आहे. तिला त्याचं कारणही माहीत हवं: ताज्या गिलाव्यातला क्षार काही रंग खाऊन टाकतो. प्रशियन ब्लू हा गडद निळा तर चुन्यात टिकतच नाही. बाहेरच्या भिंतीवर उन्हाचा प्रश्न वेगळा. तिथे पिवळी माती, गेरू, अंबर (तपकिरी माती) असे लोहाच्या मातीचे रंग वर्षानुवर्षं तग धरतात आणि काही भडक गुलाबी-जांभळे बघता बघता उडून जातात. रंगाच्या ट्यूबवर प्रकाशात तो किती टिकेल याची खूण छापलेली असते, ती वाचायची सवय तिला आतापासून लागू दे. लांबी (पुट्टी) भरणं, घासणं, प्रायमर, रंगाच्या दोन हातांमधलं थांबणं, हे सगळं तिनं तुमच्याकडून शिकायचं आहे. यूट्यूबवर ते पाच सेकंदांत उरकलेलं असतं.

आता नकली संगमरवराबद्दल, कारण ज्याला फॉ फिनिश म्हणतात, म्हणजे दगड-लाकडाचा भास देणारं रंगकाम, त्याचा जीव तिथेच आहे. खाली सॅटिनसारखा किंचित तुकतुकीत रंगाचा हात लागतो. तळ मॅट असेल तर तो वरचा रंग शोषून घेतो आणि काम करायला वेळच उरत नाही. त्यावर ग्लेझमध्ये (रंगात मिसळायच्या पारदर्शक द्रवात) कालवलेला रंग लावायचा आणि तो ओला असेपर्यंत स्पंजानं, चिंधीनं, पिसानं, कोरड्या ब्रशनं त्याला वळण द्यायचं. पाण्याचं ग्लेझ लवकर सुकतं. तेलाचं जास्त वेळ हातात राहतं, पण वास आणि वाफा सोसाव्या लागतात. मोठ्या भिंतीला दोन माणसं लागतात: एक लावत पुढे जातो, दुसरा मागून वळण देतो. मध्ये कुणी चहाला गेलं की ओली कड सुकते आणि तो जोड पुढे कायम दिसत राहतो. थांबायचंच तर कोपऱ्यात थांबायचं. (घरातच जोडीदार असलेली मुलगी! मला तर हेवा वाटला.)

पण हाताआधी नजर तयार व्हावी लागते. नवशिक्याचं संगमरवर ओळखू येतं ते शिरांवरून. शिरा सारख्या जाडीच्या आणि सारख्या अंतरावर असतात, फुली मारल्यासारख्या एकमेकींना छेदतात. खऱ्या दगडात एक शीर जाड होते, फाटते, मध्येच विरून जाते. शिवाय दगड लाद्यांमध्ये येतो. अख्खी भिंत एकाच अखंड दगडाची रंगवली की रंगकाम कितीही सफाईचं असलं तरी डोळा फसत नाही. लाद्यांचे सांधे आखावे लागतात. लाकडाचंही तेच. दाराच्या उभ्या पट्टीवर रेषा उभ्या जातात, आडव्या पट्टीवर आडव्या, आणि जिथे सुतारानं सांधा केला असता तिथेच त्या तुटतात. तुम्ही इतकी दारं पॉलिश केली असतील की हे तुम्हाला झोपेतही दिसेल. तिला नाही दिसणार. तिला एक दार दाखवा.

हे काम चित्रकारांचं, रंगाऱ्याचं नव्हे, असं तुम्हाला वाटत असेल तर थॉमस केरशॉचं नाव ऐकून ठेवा. इंग्लंडमधला हा माणूस घरं रंगवणाऱ्याकडे उमेदवारी करून तयार झाला आणि 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्याच्या रंगवलेल्या लाकूड-संगमरवराला पदक मिळालं. त्याच्या फळ्या आज संग्रहालयात आहेत.

म्युरलची गोष्ट थोडी निराळी आहे. तिथे रेखाटन मोठं करण्याची पद्धत लागते: चौकटी आखून, प्रोजेक्टरनं, किंवा कागदाला भोकं पाडून त्यावर कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटून. सर्वांत जास्त फसवतं ते उभं राहण्याचं ठिकाण. मान्तेन्या या इटालियन चित्रकारानं इटलीतल्या मान्तुआच्या राजवाड्यात 1474 साली पुरं केलेलं दालन घ्या. तिथल्या छतावर गोल झरोका रंगवलेला आहे आणि त्यातून माणसं खाली वाकून बघतात. तो खरा वाटतो तो खाली उभं राहून मान वर केली की. दुकानाच्या भिंतीवर खिडकी रंगवायची असेल तर गिऱ्हाईक कुठून आत येतं आणि खरा उजेड कुठून पडतो, हे तिनं आधी बघायला हवं. उजेड डावीकडून आणि सावलीही डावीकडेच पडलेली, हे मी अनेक ठिकाणी पाहिलंय.

पोट भरतं का? भरतं, पण पगारासारखं नाही. दोन महिने कामं दाराशी, मग तीन महिने शुकशुकाट. सपाट भिंतीवरची साधी फुलं आणि निसर्गचित्रं तर छापील वॉलपेपरनं कधीच नेली. त्या स्पर्धेत तिनं उतरू नये. छपाईला न जमणारं काम तिचं आहे: गोल खांब, कमानी, जुन्या इमारतीत तुटलेल्या तुकड्याशी रंग जुळवणं, गिऱ्हाइकाच्या जागेसाठी काढलेलं आणि दुसरीकडे न मिळणारं चित्र. ही कामं कमी असतात आणि ती जुन्या कामाच्या ओळखीतूनच येतात. तुमची ओळखीची गिऱ्हाइकं हीच तिची पहिली यादी.

आणि म्हणूनच कॉलेज सोडू देऊ नका. मुलं बुडतात ती बहुतेक दर काढताना. चौरस फुटाचा दर सांगून मोकळी होतात आणि पूर्वतयारीचे दिवस, परांचीचं भाडं, नमुने करण्यात गेलेला आठवडा, गिऱ्हाइकानं तिसऱ्यांदा बदललेला रंग, हे सगळं स्वतःच्या खिशातून भरतात. हिशेब येणारी चित्रकार मी फार कमी पाहिलीये. करारही लेखी हवा: किती वेळा बदल करून मिळेल, आगाऊ किती, चित्राचे फोटो कोण वापरणार, मालकाला पुढे त्यावर रंग फासता येईल का. शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो. न्यूयॉर्कमध्ये एका इमारतीवरची भित्तिचित्रं मालकानं 2013 मध्ये पुसली, तेव्हा 21 कलाकार कोर्टात गेले आणि 2018 मध्ये कोर्टानं त्यांना 67 लाख डॉलरहून जास्त भरपाई दिली. कायदा देशोदेशी वेगळा असतो, पण लिहून घेतलेला कागद कुठेही उपयोगी पडतो.

शिक्षणाचं म्हणाल तर ब्रुसेल्समध्ये 1882 पासून याचीच एक शाळा आहे, व्हान डर केलेन. सहा महिने फक्त नकली लाकूड, नकली संगमरवर, सोन्याचा वर्ख अशीच कामं शिकवतात. तिथे जाच असं मी म्हणत नाही. सांगायचं एवढंच की त्या सहा महिन्यांत विद्यार्थी फळीमागून फळी रंगवत असतात, आणि फळ्या तुमच्या घरातही रंगवता येतात.

शिडीबद्दल तुमची काळजी खरी आहे, ती मी खोडून काढणार नाही. पण तुमचे खांदे आणि खोकला हा सगळा धंद्याचा दोष नाही. बराचसा मास्कशिवाय घासल्याचा आणि डुगडुगत्या घोडा-शिडीवर उभं राहिल्याचा आहे. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तो कोरडा घासायचा नाही, ओला घासायचा. चांगला मास्क, स्थिर परांची, एका दिवसात डोक्यावर हात करून किती तास काम करायचं याची मर्यादा. जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत, त्या आपोआप पेट घेतात. पसरून वाळवायच्या. हे नियम तुम्ही स्वतः पाळले नसतील, तिच्याकडून मात्र पाळून घ्या.

माझं म्हणणं असं: पदवी पूर्ण होईपर्यंत सुट्ट्यांमध्ये तिला तुमच्या कामावर न्या. पहिले दोन महिने फक्त लांबी आणि घासणं. कुरकुर करेल, करू दे. तिथेच ती पळाली तर तुम्हालाही उत्तर मिळालं आणि तिलाही. टिकली, तर दोन फूट बाय दोन फुटाच्या फळ्या कापून द्या आणि एकाच संगमरवराचा एक तुकडा समोर ठेवून वीस वेळा रंगवायला सांगा. प्रत्येक फळीमागे तारीख आणि रंगांचं प्रमाण लिहायला लावा. विसावी फळी झाली की ती आणि खरा तुकडा शेजारी ठेवून दहा फुटांवरून एक फोटो काढा आणि मला पाठवा. कुठला खरा ते मात्र लिहू नका.