जिप्सीत रिडक्शन गिअर बसवतोयस? सुरुवातीला एवढंच बघ

मित्रा, जिप्सीच्या ट्रान्सफर केसला, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या गिअरच्या पेटीला, घाबरू नकोस. रिडक्शन गिअर हिच्यातच बसतात. ती गिअरबॉक्सपासून वेगळी टांगलेली असते, त्यामुळे एकटी खाली येते. कंपनीचा लो रेशो (हळू चालवायच्या गिअरचं प्रमाण; आकडा जितका मोठा तितकी गाडी हळू पण जोरदार) साधारण 2.27 आहे. पहिल्या खेपेला 4.16 चा सेट घे. जांभ्याच्या खड्या चढावर क्लच न जाळता गाडी रांगत वर जाते. त्याहून मोठ्या सेटचा मोह आत्ता नको.

आधी जुनं तेल एका भांड्यात काढून उजेडात बघ. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. कोकणातल्या पावसात वहाळ ओलांडणाऱ्या गाड्यांत हे हमखास होतं. म्हणून बेअरिंग आणि ऑइल सील नवेच घाल. जुन्या बेअरिंगवर नवे गिअर म्हणजे पैसे पाण्यात.

नवखे इथे चुकतात:

- प्रोपेलर शाफ्टच्या (चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) फ्लँजवर, म्हणजे जोडाच्या चकतीवर, खुणा न करताच बोल्ट काढतात.
- शिफ्टरचा रॉड ओढताना स्प्रिंग आणि छर्रे उडून जातात. वर फडकं धर.
- काउंटर गिअरचे (मधल्या शाफ्टवरच्या गिअरचे) थ्रस्ट वॉशर, म्हणजे बाजूचा दाब घेणाऱ्या चकत्या, जोडताना घसरतात. घट्ट ग्रीस लावून चिकटव, आणि केस मिटवण्याआधी बोट फिरवून खात्री कर. यात घाई केलीस तर सगळं पुन्हा उघडावं लागेल.
- सिलिकॉन भरमसाट फासतात. पातळ रेघ पुरे.

गाडीला चढवण्याआधी शाफ्ट हाताने फिरवून टू-हाय (दोन चाकांना ताकद), फोर-हाय (चारही चाकांना), न्यूट्रल, फोर-लो (चारही चाकांना, हळू) सगळं पडतंय का बघ. अडलं तर जोर लावू नकोस, परत उघड. नवीन गिअर ऑइल भरायला विसरू नकोस. शिम (फट भरायच्या पातळ चकत्या) आणि माउंटचं (केस टांगायच्या रबरी आधारांचं) नंतर बोलू.