खेळाची आवड नसली तरी

अगं, शाळेत कबड्डीच्या संघात कुणी घेतलं नाही म्हणून व्यायाम आपला प्रांत नाही, असं ठरवून टाकू नकोस. मीही जिमची वर्षाची फी भरून तीन आठवड्यांत थांबले होते. मग एका रविवारी मैत्रिणीबरोबर नाशिकच्या डोंगरातली पांडवलेणी चढले. पायऱ्यांवर दोनदा बसले, पण वर लेणी बघताना दम लागल्याचं विसरूनच गेले. तिथे 24 लेणी आहेत. दर खेपेला दोन-तीनच निवांत बघायची असं ठरवलं, आणि पुढचा रविवार कधी येतो असं व्हायला लागलं.

तुला काय आवडतं ते आधी शोध आणि चालणं त्याला जोड. गप्पा आवडत असतील तर नाशिकच्याच गोल्फ क्लब मैदानातल्या चालायच्या ट्रॅकवर सोबतीला कुणीतरी हवंच. वेग एवढाच ठेव की बोलता येईल, पण गाता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं असा मध्यम व्यायाम सांगते. तू दहा मिनिटांपासून सुरू कर. बुटांत काटकसर नको. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात, तेव्हा ट्रॅकच बरा. कंटाळा आला तर बिनधास्त बदल; मी सध्या पोहायला शिकतेय.