वाचकांचे प्रश्न: ट्यूब अँपला ४-८ ओहमचा स्विच

प्रश्न: घरीच ईएल८४ या पॉवर ट्यूबवर सिंगल-एंडेड (आउटपुटला एकच ट्यूब) अँप बनवलाय. ट्यूब आणि स्पीकरच्या मधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर ट्यूबला ५ हजार ओहम दाखवणारा, सेकंडरीला (स्पीकरकडच्या वाइंडिंगला) ४ आणि ८ ओहमचे टॅप, म्हणजे बाहेर काढलेली टोकं, आहेत. स्पीकर दोन आहेत, एक ४ चा, एक ८ चा, म्हणून मागे एक रोटरी स्विच लावू का? आणि गाणं चालू असताना फिरवला तर चालेल ना?

उत्तर: लावा की, पण चालू गाण्यात फिरवू नका राव! साधा स्विच एका टॅपवरून दुसऱ्यावर जाताना क्षणभर कुठेच जोडलेला नसतो, तेवढ्यात लोड (स्पीकरचा भार) गायब होतो आणि प्रायमरीवर (ट्यूबकडच्या वाइंडिंगवर) व्होल्टेज इतकं उसळतं की ट्यूबच्या सॉकेटमध्ये ठिणगी पडते नाहीतर वाइंडिंगचं इन्सुलेशन जातं. माझं एक सॉकेट असंच पिन ७ पाशी (ईएल८४ चा अ‍ॅनोड, म्हणजे प्रायमरी जोडलेली पिन) काळं पडलंय, अजून ठेवलंय जपून. म्हणून अँप बंद करूनच बदला, शिवाय सेकंडरीला २२० ओहम ५ वॅटचा रेझिस्टर कायमचा लावून टाका, स्पीकरची वायर निघाली तरी थोडा आधार राहतो.

चुकून ८ च्या टॅपला ४ चा स्पीकर लागला तर ट्यूबला ५ ऐवजी अडीच हजार दिसतात, पॉवर कमी, डिस्टॉर्शन जास्त, पण लगेच काही जळत नाही. आणि हो, ८ च्या वाइंडिंगच्या बरोबर मध्ये टॅप काढला तर तो ४ चा नाही, २ चा होतो, कारण इम्पिडन्स (एसी सिग्नलला होणारा विरोध, ओहममध्ये) वेढ्यांच्या वर्गावर चालतो. फीडबॅकची वायर (आउटपुटचा थोडा सिग्नल परत अँपमध्ये नेणारी) मात्र स्विचच्या अलीकडे, थेट ८ च्या टॅपलाच राहू द्या.